बर्मिंगहॅमची अंत्ययात्रा, वाळूजची खोली

नेवासा फाटा सोडला की एसटीच्या खिडकीतले उसाचे फड मागे पडू लागतात, आणि कायगाव टोक्याच्या पुलावरून गोदावरी ओलांडली की आपण मराठवाड्यात शिरतो. लहानपणी या पुलावर गाडी आली की आजी कमरेच्या पिशवीतून नाणं काढून नदीत टाकायची. मी नाणं टाकत नाही, पण हात आपोआप जोडले जातात. नदीला पाणी भरपूर होतं, गढूळ. पलीकडे कपाशी गुडघ्याला आलेली, सोयाबीन हिरवंगार.

30 जुलै 2025, बुधवार. पुण्यातून सकाळची गाडी धरली होती ती एका अंत्ययात्रेसाठी. अंत्ययात्रा निघणार होती इंग्लंडात, बर्मिंगहॅमला, तिथल्या दुपारी एक वाजता, म्हणजे आपल्या साडेपाचला. मी ती बघणार होतो छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला, माझ्या मावसभावाच्या, दादाच्या खोलीवर. पुण्यात बसून मोबाइलवरही दिसलीच असती. पण अंत्ययात्रा होती ऑझी ऑस्बोर्नची, ब्लॅक सबाथ या रॉक बँडच्या गायकाची, आणि ऑझी मला दादाने दिला. आमच्याकडे मयताची बातमी कळली की माणूस फोन करत बसत नाही, गाडी धरतो.

ऑझी 22 जुलैला गेला. 76 वर्षांचा होता. बातमी आपल्याकडे पोचली तेव्हा मध्यरात्र होत आली होती. सकाळी सहाला दादाचा फोन आला, पहिल्या शिफ्टला निघता निघता. "गेला रे आपला," म्हणाला, आणि पुढं दोघंही काही बोललो नाही.

पुढचे दोन दिवस जिकडेतिकडे एकच गोष्ट: 1982 साली स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावणारा गायक गेला. ते घडलं होतं, खोटं नाही. पण पन्नासहून अधिक वर्षं गायलेल्या माणसाची ओळख एका रात्रीवर संपवायची, याचा मला फार राग आला. तो कुठून आला, कुणासाठी गायला, ते कुणी सांगत नव्हतं. वाळूजला जायचं त्याच रागात ठरलं.

छोट्या पंढरपूरला उतरलो तेव्हा एक वाजला होता. कमानीपाशी पेरू आणि मक्याची कणसं विकायला बसलेल्या बायका, मागे विठ्ठलाचं देऊळ, पुढे एमआयडीसीकडे वळणारे ट्रक. तिथून रिक्षाने बजाजनगर. आदल्या दिवशी नागपंचमी झालेली. एका रिकाम्या प्लॉटवरच्या लिंबाला झोका अजून तसाच होता आणि दोन पोरी त्यावर उभ्या राहून झोके घेत होत्या. वहिनींनी आल्याआल्या कालची पुरणाची दिंडं वाफवून समोर ठेवली, वर तुपाची धार. "खा आधी. रडायचं ते संध्याकाळी," म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. 6 जुलैची पहाट त्यांनी पाहिलेली आहे. ते पुढे सांगतो.

साडेतीनला दादाच्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. शिफ्ट सुटताना वाळूज बघावं. एकेका गेटातून शेकडो मोटारसायकली एकदम बाहेर पडतात, पाठीला डबा, अंगाला कूलंटचा वास. कन्नडचे, वैजापूरचे, अंबडचे, परतूरचे. घरी कोरडवाहू दोन-चार एकर आणि इथे भाड्याची एक खोली. या पट्ट्यात स्कूटर-मोटारसायकलीला लागणारं जवळजवळ सगळं घडतं. पत्रा कापणं, दाबणं, वाकवणं. रस्त्यावरून चालतानाही प्रेस शॉपचा ठोका पायात जाणवतो. धप्प. मग थोडी उसंत. पुन्हा धप्प.

याच ठोक्याखाली दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, अनामिका आणि करंगळी, दोन्ही वरच्या पेरापासून. साल 2004. दुसऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तेव्हा तो ठेकेदाराकडे होता. पॉवर प्रेसचा गार्ड काढून ठेवलेला, कारण गार्ड असला की तासाला जॉब कमी निघतात. पेडल एकदाच दाबलं, प्रेस दोनदा पडला. इथे त्याला 'बोट गेलं' एवढंच म्हणतात. फलाण्याचं बोट गेलं, बिस्तान्याची दोन गेली. पाऊस आला-गेला म्हणावं तसं.

दादा गावाकडे बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. लग्नाच्या वराती, जयंतीच्या मिरवणुका. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. बोटं गेली तसा त्याने बेंजो माळ्यावर टाकला. जखम भरली तरी टोकाला नुसता स्पर्श झाला तर मेंदूपर्यंत कळ जायची. दीड वर्ष त्याने बेंजोकडे ढुंकून पाहिलं नाही. कुठे वरात दिसली की रस्ता बदलायचा.

मग एक ट्रेनी इंजिनिअर त्यांच्या शॉपवर आला. त्याने दादाचा हात पाहिला आणि डब्याच्या सुट्टीत टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. ऑझीच्याच ब्लॅक सबाथचा गिटारवाला. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा आयोमी वेल्डिंग करायचा. नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचा कंटाळा आलेला, पण आई म्हणाली, जा, दिवस पूर्ण करून ये. प्रेसवरचं माणूस आलं नव्हतं म्हणून याला तिथे बसवलं, आणि प्रेसने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायची बोटं नेमकी तीच.

"मंग? मंग त्यानं काय केलं?" दादाने विचारलं होतं. हा प्रश्न तो अजूनही तसाच करून दाखवतो, जेवणाचा घास हातात धरल्यासारखा.

त्याच्या फोरमनने त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची. आगीत भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी गिटार वाजवणारा माणूस. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या घडवल्या, घासून गुळगुळीत केल्या, वरून चामड्याचा तुकडा चिकटवला. तारा बोटांना जड जात होत्या म्हणून हलक्या घेतल्या, पुढे सैल करून खालच्या सुरात लावल्या. जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्या संगीतातला तो जडशीळ, जमिनीलगतचा आवाज बराचसा तिथून आला.

ट्रेनीने दुसऱ्या दिवशी एमपीथ्रीची सीडी आणून दिली. इंग्रजी शब्द दादाला कळत नव्हते. "ठोका कळला," तो म्हणतो. "हा प्रेस शॉपचाच ठोका हाय, म्हटलं. आन् वर तो माणूस ओरडायलाय." त्याने वायरिंगच्या भंगारातून दोन रबरी टोप्या उचलल्या, आत बनियनचा कपडा भरला आणि बेंजो माळ्यावरून काढला. मी तेव्हा चौदा वर्षांचा, सुट्टीला त्याच्याकडे आलेलो. ब्लॅक सबाथच्या 'आयर्न मॅन' गाण्याची ती सुरुवातीची चाल मी पहिल्यांदा ऐकली ती बेंजोवर. मूळ गाणं नंतर ऐकलं, आणि खरं सांगतो, बराच काळ मला बेंजोचंच अस्सल वाटायचं.

वर ओरडणारा तो माणूस म्हणजे ऑझी. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला, सहा भावंडांतला. बाप रात्रपाळीला हत्यारं घडवायचा, आई गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. तिने याला तिथेच चिकटवला, हॉर्न तपासायला. दिवसभर एकामागून एक हॉर्न वाजवून सूर जुळवायचा! पुढे कत्तलखान्यात काम केलं. चोरी केली, दंड भरता आला नाही, तुरुंगात गेला. बापाने कर्ज काढून माइक आणि स्पीकरचा संच घेऊन दिला, आणि स्वतःचा संच असलेला गायक म्हणून पोराला बँडमध्ये जागा मिळाली. आपल्याकडे बाप लेकराला कर्ज काढून रिक्षा घेऊन देतो, तसंच. 1970 साली ब्लॅक सबाथच्या दोन रेकॉर्ड निघाल्या आणि चार कामगारांच्या पोरांनी जगाचा कान बदलला.

आता 6 जुलैची पहाट. ऑझीचा शेवटचा कार्यक्रम 5 जुलैला होता, व्हिला पार्क मैदानावर. लहानपणी तो याच मैदानाबाहेर सामन्याला आलेल्या लोकांच्या गाड्या राखून चिल्लर मिळवायचा. पार्किन्सनने त्याला चालता येत नव्हतं. काळ्या सिंहासनावर बसून तो गायला. मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र. प्रक्षेपण दोन तास उशिराने, म्हणजे आपल्याकडे संपेपर्यंत पहाट. दादा आणि त्याच्या सोबतचे पाच-सहा जण रात्रभर जागले, वहिनींनी तीनदा चहा केला. शेवटी ऑझी खुर्चीतून उठायला धडपडत होता, उठता येत नव्हतं, तरी टाळ्यांचा ताल धरत होता. ते संपलं आणि हे लोक तोंड धुऊन बाहेर आले, तर रस्त्यावर टाळ-मृदंग. आषाढी एकादशी होती. शहरातून पायी निघालेल्या दिंड्या छोट्या पंढरपूरकडे चालल्या होत्या. वहिनी सांगतात, "हे सगळे तसेच, झोपेचे डोळे घेऊन, दिंडीत चालायला लागले. देवळापर्यंत गेले. कुणी काही बोललं नाही." त्या कार्यक्रमानंतर सतरा दिवसांनी ऑझी गेला.

साडेपाचला खोलीत अकरा माणसं होती. टीव्हीला मोबाइल जोडलेला. काळा टी-शर्ट घातलेला आयटीआयचा एक पोरगा, दादाच्या शॉपमधले तिघं, शेजारचे एक काका जे नुसते सोबतीला आले होते, आणि वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्यांच्या लाइनवर काम करणारी एक मुलगी, ड्युटीचा निळा कोट अंगावर तसाच.

ब्रॉड स्ट्रीटवर हजारो माणसं उभी होती. पुढे पितळी वाद्यांचा बँड, ब्लॅक सबाथचीच गाणी वाजवत. आपल्याकडे भजनी मंडळ पुढे चालतं, तसा. मागे काळी शववाहिका, बाजूला जांभळ्या फुलांत त्याचं नाव. कालव्यावरच्या ज्या पुलाला ब्लॅक सबाथचं नाव दिलंय तिथे गाड्या थांबल्या. पुलावर चौघांच्या चित्रांचा एक बाक आहे. आठ दिवस लोकांनी तिथे फुलं, चिठ्ठ्या, बिअरचे डबे आणून ठेवले होते. शॅरन, त्याची बायको, मुलांचा आधार घेत उतरली. फुलांच्या राशीकडे बघताना तिचा चेहरा कोसळला. मग लोकांकडे वळून तिने दोन बोटं वर केली.

खोलीत कुणीतरी नाक ओढलं. ती हार्नेसवाली मुलगी रडत होती, मोकळेपणाने, डोळे न पुसता. नंतर चहाला ती म्हणाली, "बाकीचे गायक मोठ्यानं गाताना शूर वाटतात. हा मोठ्यानं घाबरतो. मला रात्रपाळीवरून येताना तेच ऐकावं वाटतं." ऑझीच्या आवाजाबद्दल इतकं नेमकं मी कुठेच वाचलेलं नाही. तो आवाज कधीच छाती पुढे काढून येत नाही. अंधारात काहीतरी दिसलंय आणि ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही, असा तो आवाज आहे.

रात्री गच्चीवर दादाने बेंजो काढला. रबरी टोप्या आता तिसऱ्या-चौथ्या असतील. त्या बोटांवर चढवताना तो आधी टोकांवर फुंकर घालतो. दुखत नाही आता. सवय आहे. आयटीआयच्या पोराने पत्र्याच्या पिंपावर ठोका धरला आणि चाल सुरू झाली. खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. आवाज कमी करा म्हणायला आले असतील असं वाटलं, पण कुणी काही म्हटलं नाही. शेजारचे काका म्हणाले, "कोण गेलं?" दादा म्हणाला, "कारखान्यातला होता."

दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. दादा म्हणाला, कायगावपर्यंत सोडतो, तिथून एसटी धर. गुरुवारची रजा त्याने आधीच टाकलेली. साहेबाने कारण विचारलं तेव्हा सांगितलं, घरचा दहावा आहे. मी बोटांवर मोजलं. 22 पहिला, 31 दहावा. बरोबर होतं. "खोटं नाही बोललो," दादा गाडीला किक मारत म्हणाला. क्लच तो डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांनी ओढतो, उरलेली दोन हवेत राहतात.

घाटावर तीन-चार घरचे दहावे चालू होते. न्हावी, पिंड, कावळ्याची वाट बघत गप्प उभे असलेले भाऊबंद. कुणाचं तरी लहान पोरगं चिखलात बसून भाताची शितं वेचत होतं. आम्ही बाजूला, एक पायरी सोडून थांबलो. विधी करायचा नव्हताच. तो आमचा हक्क नाही, आणि त्याचं जे व्हायचं ते त्याच्या माणसांनी त्याच्या रीतीने केलं होतं. दादाने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला. ओंजळ भरली. डाव्या हाताच्या दोन बोटांपाशी फट राहते, तिथून पाणी धारेने निसटत होतं. वर उचलेपर्यंत अर्धी ओंजळ रिकामी झाली. त्याने ती सोडली आणि पुन्हा भरली.