तुम्ही विचारलंत म्हणून : अनारसे आणि लपवाछपवी

गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत, कार्यघरी पंगत उठल्यावर आणि दिवाळी तोंडावर आली की दिवसाआड फोनवर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘काकू, अनारशांची कृती कोणी मागितली की तुम्ही लगेच सांगून टाकता. आपल्या हातची खास गोष्ट अशी वाटत सुटणं बरं का? एखादी तरी राखून ठेवावी की नाही?’ विचारणाऱ्या बहुतेक जणी माझ्या मुलीच्या वयाच्या असतात आणि त्यांच्या विचारण्यात निम्मे कौतुक, निम्मी काळजी असते. उभ्या उभ्या मी ‘सांगितल्याने काय कमी होतं?’ एवढे म्हणून वेळ मारून नेते. पण ते उत्तर अपुरे आहे, आणि जिने एके काळी स्वतःच कृती लपवली तिने ते देणे फारसे प्रामाणिकपणाचेही नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आहे. चार पिढ्यांपूर्वी शिंदे सरकारच्या चाकरीत आलेल्या अनेक मराठी घरांप्रमाणे आम्हीही घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलत इथलेच होऊन गेलो आहोत. आमच्या हिंदी शेजाऱ्यांना अनरसे माहीत असतात, पण ते पावसाळ्यात हलवायाकडे मिळणाऱ्या, तिळात घोळलेल्या गोल गोळीच्या रूपात. आमचा चपटा, जाळीदार, खसखस लावलेला अनारसा त्यांना दर वेळी नवा वाटतो. तो मला सासूबाईंनी शिकवला. आधी कृतीच सांगते, म्हणजे तिच्यात लपवण्याजोगे काय आहे ते तुमचे तुम्हीच पाहाल.

जुने, जाडे तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचे. बदलले नाही तर जो आंबूस वास धरतो तो तुपात तळूनही जात नाही. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून पंचावर सावलीत पसरायचे, आणि दाणा वरून कोरडा पण आतून ओलसर असतानाच दळायचे. चाळलेले पीठ मुठीत दाबले की मूठ वळली पाहिजे आणि बोट लावताच मोडली पाहिजे. अशा एक वाटी पिठाला पाऊण वाटी किसलेला गूळ व चमचाभर तूप घालून मळायचे आणि गोळा डब्यात दाबून चार-पाच दिवस विसरून जायचा. तेवढ्या मुक्कामात पिठातल्या ओलाव्याने गूळ सुटतो आणि कोरडा वाटणारा गोळा लोण्यासारखा मऊ होतो. मग खसखशीवर थापून, मंद आचेवर, खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने वरून तूप उडवत तळायचा. गूळ किंवा ओल जास्त झाली तर अनारसा कढईत फाटत जातो आणि त्याचा चुरा तुपावर तरंगतो. यालाच अनारसा हसला असे म्हणतात, जरी त्या वेळी घरात दुसरे कोणी हसत नसले तरी. पीठ हसले तर त्यात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळावी. थापताना भेगा पडल्या तर दुधाचा हबका किंवा केळ्याचा लहानसा तुकडा पुरतो.

झाली कृती. यात जुना तांदूळ हा शब्द तुम्ही कदाचित सहज वाचून पुढे गेला असाल. मी लपवला तो तोच.

१९९९ मध्ये अधिक ज्येष्ठ आला होता. शेजारच्या वहिनी मूळच्या नागपूरच्या, यजमानांच्या बदलीमुळे इथे आलेल्या. त्यांच्या मुलीचे लग्न नुकतेच झाले होते आणि जावयाला ३३ अनारशांचे वाण द्यायचे होते. तोपर्यंत आमच्या मंडळात ‘अनारसे म्हणजे हिचेच’ असे लोक म्हणू लागले होते, आणि छत्तिसाव्या वर्षी मला त्याची चांगलीच चटक लागली होती. वहिनी वही घेऊन आल्या. मी पाणी, गूळ, खसखस सगळे नीट सांगितले. ‘तांदूळ कोणता गं?’ असे त्यांनी विचारले तेव्हा मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘कोणताही चालेल हो.’ नवा तांदूळ चिकट असतो, ओल धरून ठेवतो आणि त्याचे पीठ गुळाबरोबर पातळ पडते, हे मला पक्के ठाऊक होते. वहिनींनी ‘कोणताही चालेल’ हे शब्द वहीत लिहून घेतले. त्यांचे ते वळणदार अक्षर मला अजून दिसते.

वाणाच्या आदल्या दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातून झारा कढईच्या काठावर आपटल्याचा आवाज येऊ लागला. तुपातला चुरा निथळताना असा आवाज येतो, आणि आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधे एकच भिंत होती. मी अर्धा तास तो ऐकत बसले. मग माझ्याकडचे तयार पीठ काढले, मोजून ३३ अनारसे तळले आणि परातीत घालून त्यांच्याकडे नेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि ‘तू होतीस म्हणून अब्रू राहिली’ असे म्हटले. कृती लपवल्याचे श्रेय मिळते ते अशा प्रकारे. त्या दिवसानंतर मी कृती मागणाऱ्या कोणालाही काही कमी सांगितलेले नाही.

मात्र सगळे सांगूनही भागत नाही, हे कळायला आणखी बरीच वर्षे गेली. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा मुंबईच्या भाचीला मी ही कृती अक्षर न अक्षर लिहून पाठवली. नऊ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. ‘मावशी, सगळे हसले. खरं सांग, तू काय गाळलंस?’ मी काहीच गाळले नव्हते आणि तरीही, जुने पाप आठवून, कानशिले तापली. व्हिडिओवर तिचे पीठ पाहिले तर ते मुठीत दाबल्यावर मोडतच नव्हते, नुसते चिकटत होते. मग उलगडा झाला. मी ‘तांदूळ अर्धा तास पसरावेत’ असे लिहिले होते, कारण माझा हात वैशाख-ज्येष्ठातल्या ग्वाल्हेरवर बसलेला आहे. इथे लू वाहत असते, पारा ४५ च्या आसपास खेळत असतो आणि पंचावर टाकलेले तांदूळ पाहता पाहता कोरडे होतात. उलट ते फार सुकू नयेत म्हणूनच मी घड्याळाकडे बघत असते. मुंबईच्या श्रावणात तेच तांदूळ पंख्याखाली तीन-चार तास लागले तरी नवल नाही. सासूबाईंनी अर्धा तास म्हटले, मी अर्धा तास लिहिले, आणि त्या अर्ध्या तासात आमच्या गावची हवा धरलेली आहे हे आम्हा दोघींपैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. तेव्हापासून मी वेळ सांगत नाही, मुठीची खूण सांगते. हेतुपुरस्सर लपवलेल्या जिन्नसापेक्षा, सांगणारीला स्वतःलाच न दिसणाऱ्या अशा गोष्टींनी अधिक अनारसे हसवले असतील, असे माझे मत आहे. ज्या सुगरणींवर ‘एक वस्तू मुद्दाम सांगितली नाही’ असा आळ आला, त्यांतल्या कित्येक जणी निर्दोष असाव्यात.

ग्वाल्हेरच्या माणसाला हा प्रश्न तसा नवा नाही, कारण गाण्याच्या बाबतीत या गावाने तो फार पूर्वी सोसला आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमदखाँ गात असत आणि आपली तानबाजी दुसऱ्याच्या हाती लागू देत नसत. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ या भावांनी पडद्याआड बसून कित्येक महिने ते गाणे ऐकले आणि उचलले, असे इथे सांगतात. मला या कथेचा पुढचा भाग अधिक आवडतो. पडद्यामागून शिकलेल्या याच घराण्याची विद्या पुढे मोकळेपणाने वाटली गेली. हस्सूखाँकडे वासुदेवबुवा जोशी शिकले, वासुदेवबुवांकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि ख्याल महाराष्ट्रात पोहोचला. १९१८ मध्ये माधवराव शिंदे आणि पंडित भातखंडे यांनी इथे संगीत विद्यालय काढले. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांत कुलपात ठेवलेल्या चिजा मिळवून स्वरलिपीसह छापल्या. त्या छापल्याने कोणाचे गाणे संपले नाही, आणि नुसत्या वाचून कोणी गवईही झाला नाही. वहीतल्या कृतीचे आणि कढईतल्या अनारशाचे नाते याहून फारसे वेगळे नसावे.

‘पण मोठमोठ्या कंपन्या गुपित ठेवतातच ना?’ असे कोणीतरी लगेच विचारते. ठेवतात. परकीय चलनाच्या कायद्याखाली कंपनीतला मोठा हिस्सा आणि त्यासोबत पेयाचे सूत्र भारतीयांच्या हाती द्यावे लागेल म्हटल्यावर कोका-कोलाने १९७७ मध्ये इथून गाशा गुंडाळला, आणि १९९३ मध्ये परत आली तीही सूत्र मुठीत ठेवूनच. तो व्यापार झाला. पण व्यापारातही नेहमी झाकूनच भागते असे नाही. आमच्या शेजारच्या मुरैन्याच्या गजकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन मागताना पदार्थ कसा बनतो ते अर्जात लिहून द्यावे लागते, म्हणजे पद्धत उघड करूनच नावाचे रक्षण होते. गुळाचा पाक खुंटीला अडकवून ओढून ओढून फिका करायचा, भाजलेल्या तिळांबरोबर लाकडी मोगरीने कुटायचा, हे थंडीच्या दिवसांत मुरैन्यात कोणालाही दुकानासमोर उभे राहून पाहता येते. इतके पाहूनही मी घरी एकदा केलेला गजक फोडायला खलबत्ता लागला होता. (तिथले लोक चंबळच्या पाण्याचा गुण सांगतात. मी त्या कुटणाऱ्याच्या दंडाचा सांगेन.)

कायद्याचाही आधार घरगुती गुपिताला फारसा नाही. कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला असतो; अमुक वाटी पीठ आणि तमुक वाटी गूळ या माहितीवर कोणाला हक्क सांगता येत नाही. ते योग्यच आहे. माझे म्हणून मी जे मिरवते ते सासूबाईंचे, त्यांच्या आधी त्यांच्या आत्याचे, आणि त्याच्याही आधी कोणाचे कोण जाणे.

इतके सांगितल्यावर आता एक कृती मी कोणालाही सांगत नाही, हेही सांगायला हवे. आमच्या गल्लीत एक बाई पातळ पोह्यांचा चिवडा करून विकतात. यजमान गेल्यावर दोन मुलांची शिक्षणे त्यांनी त्या चिवड्यावर केली. एका दिवाळीच्या आधी त्या जिन्यावरून पडल्या, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि ४० किलोची मागणी डोक्यावर होती. तेव्हा त्यांनी मला पलंगाजवळ बसवून मसाल्याचे प्रमाण सांगितले आणि मी ते जुन्या कॅलेंडरच्या पानामागे उतरवून घेतले. आम्ही तिघी-चौघींनी मिळून मागणी पुरी केली. भाऊबीज झाल्यावर मी ते पान त्यांना परत दिले. त्या काही बोलल्या नाहीत. पेटलेल्या गॅसवर पानाचा कोपरा धरला आणि राख मोरीत टाकली. मला त्या कृत्याचा राग आला नाही, उलट त्यांनी ते माझ्यासमोर केले याचे बरे वाटले.

प्रमाण मला अर्थात पाठ आहे. गेल्या वर्षी ओळखीतल्या एकीने, तिला स्वतःचा फराळाचा व्यवसाय काढायचा आहे म्हणून, ते मागितले. मी नाही म्हटले. ‘अनारसे सगळ्या गावाला सांगता, मग चिवड्यापुरतंच सोवळं का?’ असे म्हणून ती रुसली आणि अजून पुरती बोलत नाही. तिला जे सांगितले तेच इथे लिहिते. अनारसे माझे आहेत, ते सांगून माझ्या मानपानाखेरीज काही कमी होत नाही, आणि तो मान गेला तर गेला. चिवडा माझा नाही. ज्याच्यावर कोणाची चूल पेटते ते विश्वासाने कानावर पडले, एवढ्याने मला वाटायचा अधिकार येत नाही. त्या बाईंनी उद्या स्वतः कृती छापून गल्लीत वाटली तर मी पहिली आनंदी होईन. तोवर कोणी विचारले की मी त्यांचा फोन नंबर देते आणि अर्ध्या किलोपासून मिळतो असे सांगते.

वहिनींचे सांगायचे राहिले. यजमान निवृत्त झाल्यावर त्या भोपाळला गेल्या. गेल्या माघात एका मुंजीला इथे आल्या आणि दोन दिवस आमच्याकडेच राहिल्या. रात्री अंथरुणे घालताना मी एकदाचे सांगून टाकले, की तांदळाचे मी खोटे बोलले होते. त्या पांघरूण झटकत म्हणाल्या, ‘अगं, ते तर मला त्याच आठवड्यात दाल बाजारातल्या वाण्यानं सांगितलं. अनरसे बनाने हैं तो पुराना चावल ले जाइए, म्हणाला.’ एवढी वर्षे बोलला का नाहीत असे विचारले तर म्हणाल्या, ‘परातभर घेऊन आली होतीस ना उन्हाची. म्हटलं, असू दे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले, कारण त्यांच्या हातची नागपुरी सांबारवडी (तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात) मला कधीच साधलेली नाही. त्यांनी सारणातल्या खोबऱ्या-खसखशीपासून पारीच्या मोहनापर्यंत सगळे सावकाश सांगितले, मी लिहीत गेले. ‘आणि सांबार? कोथिंबीर कोणती घ्यायची?’ मी विचारले. वहिनींनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘कोणतीही चालेल हो.’