टाकलेलं ॲप जातं कुठे?

"इन्स्टॉल झालं असं म्हणतंय, पण मेनूत कुठ्ठे दिसत नाही." नाहीतर, "दिसतंय, पण भलतीकडेच." पुण्यात ओळखीपाळखीच्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मी हौसेनं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून देते. त्यामुळे हा प्रश्न मला फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, पीएमपीत उभ्या-उभ्यासुद्धा विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून आता लिहूनच काढते.

घोळ होतो तो विंडोजच्या सवयीमुळे. तिथे स्टार्ट मेनू हा खरोखरच एक फोल्डर असतो आणि इन्स्टॉलर त्यात शॉर्टकट ठेवून जातो. लिनक्सच्या मेनूत कोणी काही ठेवत नाही. प्रत्येक ॲप आपल्याबरोबर साध्या मजकुराची एक छोटी फाइल आणतं, नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असलेली. मी तिला चिठ्ठी म्हणते. तिच्यात ॲपचं नाव, आयकॉन, चालवायची कमांड आणि 'कॅटेगरीज' अशी एक ओळ असते. डेस्कटॉप, म्हणजे लिनक्सचा मेनू नि खिडक्या दाखवणारा भाग, या सगळ्या चिठ्ठ्या वाचतो आणि त्यांवरून मेनू रचतो. आपण कुठे बसायचं हे ॲप स्वतःच सांगतं. म्हणून हरवलेलं ॲप मेनूत शोधत बसू नका, त्याची चिठ्ठी उघडून वाचा. हे नियम ठरले ते हॅवॉक पेनिंग्टन यांनी 2000 साली सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पात. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई हे लिनक्सचे वेगवेगळे डेस्कटॉप, सगळे तेच पाळतात.

बहुतेक चिठ्ठ्या सापडतात दोन ठिकाणी. सगळ्या युजरसाठी असतील त्या 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मध्ये, 'ॲप्लिकेशन्स' नावाच्या फोल्डरात. फक्त तुमच्यापुरत्या असतील त्या तुमच्या होममध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरात, 'डॉट लोकल', मग 'शेअर', मग 'ॲप्लिकेशन्स'. डॉटनं सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात, कंट्रोल एच दाबलं की दिसतात.

कॅटेगरीजच्या ओळीत एकापेक्षा जास्त नावं चालतात. लिब्रेऑफिस ड्रॉ स्वतःला ऑफिसही म्हणवतं आणि ग्राफिक्सही, म्हणून ते दोन्हीकडे दिसतं. ते बघून "दोनदा टाकलं गेलं वाटतं, एक काढू का?" असं विचारणारे पुष्कळ. काढू नका, ते एकच आहे. उलट ओळीत ओळखीचं एकही नाव नसेल, तर ॲपची रवानगी 'अदर'मध्ये होते, केडीईत 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये.

अप्पा बळवंत चौकाजवळ माझे एक डीटीपीवाले काका आहेत, पत्रिका आणि दिवाळी अंकांची पानं लावणारे. त्यांच्या भाच्यानं एक ॲपइमेज उतरवून दिली. ॲपइमेज ही एकटी फाइल, चिठ्ठी आपणहून कुठे लावत नाही. म्हणून त्यानं चिठ्ठी हातानं लिहिली. ॲप गेलं 'अदर'मध्ये. मी ओळ उघडली तर ऑफिस आणि ग्राफिक्स या दोन नावांमध्ये स्वल्पविराम. तिथे अर्धविरामच लागतो. स्वल्पविराम दिला की दोन्ही मिळून एकच अगम्य नाव होतं. कॅपिटल-स्मॉलचाही फरक पडतो. काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, प्रूफं तपासण्यात जन्म गेला माझा, मला दाखवायचं होतं की त्यानं!" दुरुस्त करून सेव्ह केलं आणि मेनू पुन्हा उघडला, तर ॲप जागेवर.

त्यांचंच दुसरं दुखणं वाइनचं, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. वाइनवर जुनं विंडोजचं टायपिंगचं सॉफ्टवेअर चालायचं. डिस्कवर जागा हवी म्हणून कोणीतरी होममधला 'डॉट वाइन' फोल्डरच उडवला. सॉफ्टवेअर गेलं, नाव मेनूत तसंच. क्लिक केलं की ढिम्म. कारण वाइन आपल्या चिठ्ठ्या त्या फोल्डरात ठेवतच नाही, त्या 'डॉट लोकल'मधल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये 'वाइन' नावाच्या फोल्डरात असतात. शिवाय मेनूच्या रचनेचे तुकडे 'डॉट कॉन्फिग'मध्ये, 'मेनूज'च्या आत. दोन्हीकडे झाडू मारला तेव्हा कुठे ती भुतं गेली.

चिठ्ठी बदलायची असेल तर मूळची बदलू नका. एकतर पासवर्ड लागतो, आणि पुढच्या अपडेटला ती नव्यानं लिहिली जाते. तिची कॉपी त्याच नावानं आपल्या होममधल्या फोल्डरात ठेवा आणि तीत बदल करा. नाव तेच असलं की तुमची चिठ्ठी वरचढ. नकोशी नोंद लपवायची असेल तर त्या कॉपीतच 'नोडिस्प्ले'च्या ओळीत 'ट्रू' लिहा. तेवढ्यासाठी ॲप काढायची गरज नाही.

ॲप अजिबातच दिसत नसेल, तर हाच 'नोडिस्प्ले' आधी बघा. चिठ्ठीत 'ओन्लीशोइन'ची ओळ असेल तर ते ठरावीक डेस्कटॉपवरच दिसणार. 'ट्रायएक्झेक'मध्ये सांगितलेला प्रोग्राम मशीनवर नसेल, तरी नोंद गायब. फ्लॅटपॅक, म्हणजे ॲप टाकण्याची एक वेगळी सोय, नव्यानंच बसवलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या. त्याच्या चिठ्ठ्यांचा पत्ता लॉगिनच्या वेळीच वाचला जातो. निम्मे फोन मी एवढ्यावरच संपवते.

मेनू एडिटरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मेनूलिब्रे किंवा अलाकार्ट वाईट आहेत असं नाही, पण ओढाओढी करताना ते तुमच्या होममध्ये मेनूची वेगळी फाइल तयार करतात आणि लोक ते विसरून जातात. पुढे कधीतरी सगळा मेनूच विस्कटतो. तेव्हा 'डॉट कॉन्फिग'मधल्या 'मेनूज'मधली ती 'डॉट मेनू' फाइल पुसू नका, नुसतं नाव बदला आणि लॉगआउट करून परत या. डिस्ट्रोचा, म्हणजे तुम्ही टाकलेल्या लिनक्सच्या आवृत्तीचा, मूळ मेनू परत येतो.

डेस्कटॉप मराठीत लावलेल्यांना आणखी एक चकवा लागतो. चिठ्ठीत मराठी नावाची वेगळी ओळ असेल तर ॲप त्या नावानं दिसतं, नसेल तर इंग्रजी. यादी नावानुसार लागते, त्यामुळे मराठी नावांचा एक घोळका आणि इंग्रजींचा दुसरा. यावर सरसकट उपाय नाही, सवय करून घ्या.

काम अगदीच अडलं असेल तर ऑल्ट धरून एफ-टू दाबा आणि चिठ्ठीतल्या 'एक्झेक'पुढची कमांड टाका, शेवटी टक्क्याची खूण नि अक्षर असेल तर ते सोडून. ॲप उघडेल. मेनूचं मग रविवारी बघता येईल.