कानाच्या पडद्याचं भोक आपोआप का नाही भरलं?

गणपतीत आरती झाली की नाहीतर सकाळी पोहे-जलेबी घ्यायला गेलं की कोणीतरी हमखास विचारतंच, काय हो ताई, बोट कापलं तर आठ दिवसांत भरून येतं, मग तुमच्या कानाचं ऑपरेशन कशाला करावं लागलं? आमच्या रामबागेत निम्म्या लोकांना हे सांगून झालंय, आता तुम्ही विचारलंत म्हणून लिहूनच टाकते.

भरलं होतं हो. भरलं म्हणूनच तर पंचाईत झाली.

तुमच्या कानाच्या पाळीचं भोक बघा. लहानपणी टोचलं, आतून कातडी धरली, आता कुडी नाही घातली तरी ते तसंच. पडद्याचंही तसंच झालं. पडदा तीन पदरी असतो, बाहेरून कातडी, मधे धाग्यांची जाळी, आतून ओलसर अस्तर, आणि सगळं मिळून मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग! थप्पड बसून फाटला तर बहुतेक वेळा आपोआप जुळतो. पण माझा कान लहानपणापासून वाहायचा, सर्दी झाली की पू, मग ड्रॉप्स, मग कापूस, असं वर्षानुवर्षं, आणि तेवढ्यात बाहेरची कातडी भोकाच्या काठावरून आत वळली आणि आतल्या अस्तराला जाऊन भिडली. म्हणजे काठाला तुरपाईच झाली की. शरीराच्या हिशेबात जखम संपली, आता भरायचं काय?

म्हणून ऑपरेशनमधे डॉक्टर आधी तो काठच खरवडून काढतात, भोक उलट मोठं करतात (हे ऐकून मी घाबरलेच होते) आणि कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ लावतात. तुरपाई उसवल्याशिवाय ठिगळ धरत नाही, हे शिवणकाम येणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

कधीकधी ती कातडी काठावर थांबतच नाही, थेट मधल्या कानात शिरते. तिथे तिचा कोंडा साठत जातो, गोळा होतो आणि तो ऐकण्याची नाजूक हाडंसुद्धा खातो, कोलेस्टिएटोमा म्हणतात त्याला. तेव्हा कानातून घाण वास येत असेल तर लसणाचं गरम तेल घालत बसू नका, सरळ दाखवा. खरं तर भोक असलेल्या कानात तेल घालूच नका, आजी काहीही म्हणो.

माझ्या पडद्यावर खडूसारखे पांढरे डाग आहेत अजून, जुन्या सुजेमुळे मधल्या पदरात कॅल्शियम बसलंय. ते राहणारच म्हणे. राहू देत, कुकरची शिट्टी आता बाहेरच्या खोलीतून ऐकू येते.