सहलीच्या मुलांना कोळी दाखवताना

दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात. जालना, बीड, परभणीकडच्या बस वेरूळ-दौलताबाद करून छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात थांबतात आणि पोरं थेट वाघाच्या पिंजऱ्याकडे धावतात. अशा प्राणिसंग्रहालयात कोळ्यांचं एखादं टेबल मांडायचं तर आधी ठरवावं, पहिला कोळी कोणता दाखवायचा. मोठा केसाळ टॅरंट्युला नको. पुढची पाच पोरं किंचाळतात, मागच्यांना फक्त ते किंचाळणं ऐकू येतं, आणि कोळी कुणीच धड बघत नाही.

पहिला मान उडी मारणाऱ्या कोळ्याचा. घराच्या भिंतीवर माश्या टिपणारा, सेंटिमीटरभर लांबीचा प्लेक्सिपस शोधायला लांब जावं लागत नाही. पारदर्शक डबीत एकटा ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं बांधा. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन चांगले मोठे असतात. डबीबाहेरून बोट सावकाश एका बाजूने दुसरीकडे नेलं की तो अंग वळवून बोटाकडे बघतो. भीती निम्मी होते ती इथेच. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नर असेल तर डबीला छोटा आरसा टेकवा. प्रतिबिंबाला दुसरा नर समजून तो पुढचे पाय उंचावतो. मिनिटभरात आरसा काढून घ्या, उगाच दमवू नका.

त्यानंतर जाळं. पावसाळा सरता सरता कुंपणात, झुडपांत सिग्नेचर स्पायडरच्या, म्हणजे जाळ्यात पांढरी नागमोडी पट्टी विणणाऱ्या कोळ्याच्या, माद्या सापडतात. त्यांना काचेच्या चौकोनी टाकीत ठेवलं तर जाळं कोपऱ्यात वेडंवाकडं होतं किंवा होतच नाही. सुताराकडून दीड फूट बाय दीड फूट, चार इंच खोल अशी लाकडी चौकट करून घ्या. लाकूड खरखरीतच राहू द्या, रंग देऊ नका. पुढे-मागे चौकटीएवढ्या ॲक्रिलिकच्या पट्ट्या खाचेत सरकवा आणि त्यांना आतून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीनवर धागा चिकटत नाही, म्हणून कोळी लाकडालाच धागे बांधतो आणि जाळं मधोमध उभं राहतं. हे विसरलात तर धागे पट्टीला चिकटतात आणि पट्टी काढताना सगळं जाळं फाटतं.

एका चौकटीत एकच मादी. संध्याकाळी सोडा, पंख्यापासून दूर ठेवा. जाळं बहुधा पहाटेपर्यंत तयार होतं. दोन-तीन दिवसांत काहीच नाही झालं तर तिला परत नेऊन सोडा, दुसरी बघा. एक दिवसाआड एखादी माशी, आणि रोज सकाळी पाण्याचा बारीक फवारा पुरतो, थेंब ती पिते. मुलं आली की पुढची पट्टी हळूच वर ओढून काढा. मागे काळा पुठ्ठा आणि उजेड बाजूने तिरपा. समोरून बॅटरी मारली की जाळं दिसेनासं होतं. पीठ किंवा पावडर तर मुळीच टाकू नका, चिकटपणा जातो. जाळ्यातली पांढरी नागमोडी पट्टी कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. किडे आकर्षून घ्यायला की पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून? मुलांनाही हे असंच, वादासकट सांगा.

या मादीची नजर अधू. तिला जग कळतं ते धाग्यांच्या कंपातून. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा रबरावर आपटून टोक जाळ्याच्या कडेला हलकेच टेकवा, ती धावत येते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बॉईज यांनी 1880 साली हाच प्रयोग करून छापला होता. एका गटापुढे एकदाच करा. वारंवार फसवलं की ती यायची थांबते.

जिवंत कोळी मुलांच्या हातावर देऊ नये. मूल दचकतं, हात झटकतं, आणि उंचावरून पडलेल्या मोठ्या कोळ्याचं नाजूक पोट फुटून तो मरतो. स्पर्शासाठी टॅरंट्युलाची कात ठेवा. वाळलेली कात ठिसूळ असते, म्हणून ओल्या कापसासोबत रात्रभर बंद डब्यात ठेवा. पाय मऊ झाले की थर्माकोलवर टाचण्यांनी पसरून वाळवा. तिच्यात विषदंतांची आवरणंसुद्धा शाबूत मिळतात, ती भिंगाखाली दाखवा. जवळजवळ सगळ्या कोळ्यांना विष असतं, पण माणसाला इजा करतील असे फार थोडे. मुलांशी खोटं बोलू नका.

‘कोळी अंगावर मुतला की फोड येतात’ हे कुणीतरी काढणारच. कोळी असं काही करत नाही. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा लाल-काळा बारीक भुंगेरा झोपेत अंगाखाली चिरडला की त्याच्यातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. चट्टा उमटायला दिवसभर लागतो, तोवर भुंगेरा गायब आणि छतावरचा कोळी मात्र जागेवर. काही वेळा ती नागीणही असते, म्हणून डॉक्टरांना दाखवायला सांगा.

पन्नासचा वर्ग असेल तर दहा-दहाचे गट करा, गटाला दहा मिनिटं. घाबरणाऱ्याला पुढे ढकलू नका, लांबून चित्र काढू द्या. डब्या पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात ठेवू नका, झाकलेल्या डबीत कोळी तापून मरतो.

जाताना शिक्षकांना एक सांगून ठेवा. गावाकडच्या बाभळीवर, बोरीवर मळकट जाळ्यांचे गुंते दिसतात. त्यात स्टेगोडिफस कोळी गटाने राहतात आणि पिल्लं शेवटी आईलाच खाऊन वाढतात. ती फांदी तोडून वर्गात आणायची नाही. संध्याकाळी वर्गालाच झाडापाशी न्या आणि नादकाटा बाहेरच्या जाळीला टेकवा. इथे एकाऐवजी अनेक कोळी बाहेर येतात.