पन्नास हर्ट्झ, योशी!

परदेशाची ती माझी पहिलीच वारी. आमच्या कारखान्यानं घेतलेल्या ग्राइंडिंग मशीनची, ते तिथून निघण्याआधीची चाचणी बघायला मी जपानला, नागोयाजवळ गेलो होतो. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा माणूस, त्यामुळे हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर नजर आधी प्लगवर गेली. दोन चपट्या पिना, १०० व्होल्ट. शिवाय एकाच देशात विजेच्या दोन फ्रिक्वेन्सी, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं: टोकियोकडे ५० हर्ट्झ, नागोया-ओसाकाकडे ६०. १८९०च्या दशकात टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली, ओसाकानं अमेरिकन, आणि ती वाटणी आजही तशीच आहे.

सकाळी लोकलच्या पहिल्या डब्यात चालकाच्या काचेमागे उभा राहिलो. पांढरे हातमोजे घातलेला चालक केबिनमध्ये एकटाच होता, तरी बोलत होता. सिग्नल दिसला की हात लांब करून त्यावर बोट रोखायचा आणि मोठ्यानं काहीतरी म्हणायचा. स्टेशन सोडताना बोट वेळापत्रकावर, मग घड्याळावर. डब्यात इतकी शांतता होती की काचेपलीकडून त्याचा आवाज येत होता. मला ती कवायत वाटली, वरिष्ठांना दाखवायची. पण बघायला वरिष्ठ कुठे होता?

कारखान्यातही तेच. रेडिओच्या तालावर व्यायाम झाला, एकमेकांना ‘गो-आन्झेन नि’, म्हणजे सुरक्षित राहा, असं म्हणून झालं, आणि मग प्रत्येक व्हॉल्व्हवर, प्रत्येक स्विचवर बोट आणि ‘योशी!’. योशी म्हणजे ठीक आहे. याला तिकडे ‘शिसा कांको’ म्हणतात, असं दुभाषी बाईंनी सांगितलं. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेनं प्रयोग केला तेव्हा साध्या कामातल्या चुका यामुळे सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर पटलं नव्हतं.

आमचं मशीन भारतात ५० हर्ट्झवर चालणार, म्हणून चाचणीच्या जागेला कन्व्हर्टरमधून, म्हणजे विजेचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बदलून देणाऱ्या यंत्रातून, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ दिलं होतं. सकाळची ट्रायल नीट झाली. दुपारी पुन्हा सुरू करण्याआधी मी चेकलिस्ट घेऊन फिरलो, कन्व्हर्टरच्या डिस्प्लेकडे पाहिलं, रकान्यात ५० लिहिलं आणि सही केली.

मग तिथले वयस्कर ऑपरेटर आले. माझी सही झालेली असूनही त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. गार्ड, योशी. कूलंट, योशी. व्होल्टेज, योशी. फ्रिक्वेन्सीवर बोट गेलं आणि आवाज आलाच नाही. बोट तसंच रोखलेलं.

डिस्प्लेवर ६० होतं.

जेवणाच्या सुट्टीत तोच कन्व्हर्टर अमेरिकेला जाणाऱ्या दुसऱ्या मशीनसाठी वापरला होता. नंतर व्होल्टेज परत आणलं, फ्रिक्वेन्सी तशीच राहिली. मोटर मिनिटाला १५०० ऐवजी १८०० फेऱ्यांच्या हिशेबानं फिरली असती. काम थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणाऱ्या पंपाचा भार वेगाच्या घनात वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. जादा भार आला की वीज तोडणारा ओव्हरलोड रिले पडला असता तर नशीब. घासणाऱ्या ग्राइंडिंग व्हीलचा वेग वाढला असता तर काय, हा विचार आजही नको वाटतो. तो आकडा मी डोळ्यांनी पाहिला होता. डोळ्यांनी सहा बघितला आणि मनानं पाच वाचला.

मी तोंडावर घाम घेऊन उभा होतो. त्यांनी सेक्शनप्रमुखांना बोलावलं. आता सगळ्यांसमोर विचारणा होणार असं मी धरून चाललो होतो. प्रमुखांनी ऑपरेटरना वाकून धन्यवाद दिले. माझ्याकडे बघून कोणी एक शब्द बोललं नाही. कन्व्हर्टर वापरून झाल्यावर दोन्ही आकडे लिहायचा नवा रकाना तिथल्या तिथे फॉर्ममध्ये घालण्यात आला. मी माझी सही खोडली आणि शेजारी कारण लिहिलं.

सेटिंग बदलल्यावर ऑपरेटरनी बटणावरचा हात मागे घेतला आणि मला पुढे यायची खूण केली. हात लांब करायला मला संकोच वाटत होता. तरी केला. डिस्प्लेवर बोट रोखून मी मराठीतच ओरडलो, “पन्नास हर्ट्झ, योशी!”

त्यांनी मान हलवली आणि बटण दाबलं.