तुम्ही विचारलंत म्हणून : बोटीवर जायच्या मुलाखतीची तयारी

मी सुट्टीवर घरी आलो की दोन-चार दिवसांत कुणाचा तरी फोन येतोच. "आमच्या मुलाला बोटीवर जायचंय. आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची) सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा दिली, आता कंपनीची मुलाखत आहे. काय विचारतात? तयारी कशी करून घेऊ?" पूर्वी असे फोन रत्नागिरी-अलिबागकडचे असायचे, आता लातूर-जळगावहूनही येतात. मी मर्चंट नेव्हीत, म्हणजे व्यापारी जहाजांवर, चीफ ऑफिसर (कॅप्टनच्या हाताखालचा पहिला अधिकारी) आहे आणि कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी निवडणाऱ्या पॅनेलवर बसलो आहे, म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी डोळे तपासून घ्या. क्लासची फी भरण्याआधी, आजच. डेकसाठी, म्हणजे जहाज चालवणाऱ्या विभागासाठी, दृष्टीचे नियम कडक असतात, आणि रंगांधळेपणा असेल तर दार बंदच. रात्री समोरच्या जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. ते कुठे तोंड करून चाललंय हे त्यावरून ओळखायचं असतं. रंग ओळखता येतात का ते तपासायची इशिहाराची ठिपक्यांची पुस्तिका डोळ्यांच्या डॉक्टरकडे असते, पाच मिनिटांचं काम. सगळा खर्च झाल्यावर मेडिकलमध्ये बाद झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या आईवडिलांशी बोलणं फार जड जातं.

आता मुलाखत. मुलं जहाजांचे प्रकार, कंपनीचा इतिहास, कॅप्टनची कर्तव्यं असं बरंच पाठ करून येतात. ते आम्ही पुढे शिकवणारच असतो. विचारतो ते बारावीचं फिजिक्स. लोखंडाचा खिळा बुडतो, मग एवढं मोठं जहाज का तरंगतं? "आर्किमिडीज, सर" इथपर्यंत सगळे येतात. मग पुढचा प्रश्न : नदीतल्या बंदरातून जहाज समुद्रात आलं, तर ते वर उचललं जाईल की आणखी खाली बसेल? गोड्या पाण्याची घनता १ धरली तर खाऱ्या पाण्याची साधारण १.०२५, म्हणजे तेवढंच वजन पेलायला कमी पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून जहाज थोडं वर येतं. उत्तर चुकलं तरी चालतं. मुलगा आमच्यासमोर मोठ्याने विचार करतोय का, हे बघायचं असतं.

आणि तो खरं बोलतोय का. हे माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याचं कारण सांगतो. कॅडेटच्या रोजच्या कामांपैकी एक म्हणजे टाक्यांचं साउंडिंग, म्हणजे टाकीत किती पाणी किंवा तेल आहे ते मोजणं. डेकवरच्या पाइपचं झाकण काढायचं, पितळी वजन लावलेली टेप टाकीच्या तळापर्यंत सोडायची, वर ओढायची आणि ओल कुठपर्यंत आली तो आकडा वहीत लिहायचा. अशा कितीतरी टाक्या. पहाटे तीनला पाऊस कोसळत असताना "काल इतकं होतं, आजही तितकंच असणार" असं लिहून मोकळं होण्याचा मोह कुणालाही होईल. त्याच आकड्यांवर मी जहाजाच्या स्थिरतेचा हिशेब करतो. खोटा आकडा पंचवीस माणसांच्या जिवाशी खेळतो. म्हणून मुलाखतीत "माहीत नाही, सर" असं शांतपणे सांगणारा मुलगा मला हवासा वाटतो, आणि अंदाजाने ठोकून देणारा नको वाटतो.

"मर्चंट नेव्हीच का?" या प्रश्नालाही हेच लागू. "लहानपणापासून समुद्राची ओढ" हे वाक्य प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात. घरी पैशांची गरज असेल तर तसं सांगू दे, त्यात कमीपणा नाही. मात्र महिनोन् महिने घराबाहेर राहायचं आहे, गणपतीला, बहिणीच्या लग्नाला येता येईलच असं नाही, हे त्याच्याशी घरात आधी बोला. पॅनेलसमोर हा विचार पहिल्यांदाच करणारा मुलगा चेहऱ्यावरून कळतो.

जगाचा नकाशा भिंतीवर लावा. मुंबईहून रॉटरडॅमला बोट कशी जाईल, बोटाने दाखवता आलं पाहिजे. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं अडकलं तेव्हा काय झालं, २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा का घालू लागली, एवढं वाचलेलं असावं.

मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. बोटीवर फिलिपिन्सचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आणि युक्रेनचा चीफ इंजिनिअर असतो. तिथे छोटी, स्पष्ट वाक्यंच उपयोगी पडतात. रोज रात्री दिवसभरात काय केलं ते घरातल्या कुणाला तरी इंग्रजीत सांगायचं. समोरच्याला इंग्रजी येत नसलं तरी चालेल, तोंड उघडायची सवय होते.

मुलीही आता याच टेबलासमोर बसतात आणि त्यांना हेच प्रश्न असतात.

एक हात जोडून सांगतो. "मुलाखत होईल पास, इतके लाख द्या, स्पॉन्सरशिप (कोर्सनंतर जहाजावर घेण्याची कंपनीची हमी) माझ्याकडे" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदेशीर आहे. फी भरायची ती मान्यताप्राप्त संस्थेची, पावती घेऊन. संस्था आणि भरती करणारी कंपनी डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या) यादीत आहे का, ते संकेतस्थळावर स्वतः पाहा.

शेवटी पॅनेल विचारतं, "तुला काही विचारायचंय?" बहुतेक मुलं मान हलवून उठतात. त्याने विचारावं : कोर्स झाल्यावर पहिलं जहाज किती महिन्यांत मिळतं, आणि नाही मिळालं तर कंपनी काय करते? डीएनएसच्या (डेक कॅडेटच्या डिप्लोमा कोर्सच्या) एका वर्षानंतर १८ महिन्यांचा सी-टाइम, म्हणजे जहाजावरचं प्रत्यक्ष काम झाल्याशिवाय सेकंड मेटच्या, म्हणजे अधिकारी होण्याच्या पहिल्या परीक्षेला बसता येत नाही, आणि कोर्स संपवून घरी वाट बघत बसलेली मुलं कमी नाहीत. हा प्रश्न विचारला म्हणून कुणी मार्क कापत नाही.