ऑनर्सचा फॉर्म आणि गंगेचं पाणी

रविवार, रात्रीचे पावणेबारा.

आज फॉर्म अर्धा भरून झाला. नाव, पीआरएन, पाच सेमचे एसजीपीए म्हणजे प्रत्येक सेमचे सरासरी ग्रेड पॉइंट, आधार, फोटो, हे सगळं दहा मिनिटांत उरकलं आणि मग तो एक चौकोन आला, 'ऑनर्स विथ रिसर्च का करायचंय ते ३०० शब्दांत लिहा', तिथे संध्याकाळपासून अडकलेय. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. प्रत्येक वेळी तेच, 'मला संशोधनाची आवड आहे'. असं तर सगळेच लिहिणार ना.

आमचं नाशिकचं कॉलेज ऑटोनॉमस, त्यामुळे एनईपी म्हणजे नवं शैक्षणिक धोरण आमच्याकडे २०२३ लाच आलं, म्हणजे चौथं वर्ष करणारी पहिली बॅच आमचीच. विचारायला एकही सिनियर नाही. तीन वर्षांनी बाहेर पडलं तर साधी बीएस्सी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि सहा सेमला ७५ टक्के म्हणजे साडेसात सीजीपीए असेल तर ऑनर्स विथ रिसर्च, ज्यात गाईडच्या हाताखाली स्वतःचा विषय घेऊन वर्षभर काम करायचं आणि शेवटी थिसिस द्यायचा. माझा पाच सेमचा ८.१ आहे, सहावी नीट गेली की झालं. म्हणजे बसू शकते का हा प्रश्नच नाहीये, बसावं का हा आहे.

काल रात्री जेवताना विषय काढला. आई म्हणाली, "अजून एक वर्ष? मग कमवायला कधी लागणार?" तिचं चुकत नाही. भाऊ यंदा बारावीला आहे, त्याची सीईटी, मग इंजिनिअरिंगची फी, आणि पप्पांचा ओव्हरटाइम गेल्या दिवाळीपासून बंद आहे. पप्पा काही बोलले नाहीत, फक्त ताट धुवायला उठताना म्हणाले, "तुला काय पाहिजे ते आधी तू नीट ठरव, पैशाचं मी बघतो." मला ते जास्त जड गेलं. आई रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.

माझ्या मैत्रिणीने हिशोब केव्हाच करून ठेवलाय. ती म्हणते तीन अधिक दोन पण पाच आणि चार अधिक एक पण पाच, कारण चार वर्षांची डिग्री असेल तर एमएस्सी एकाच वर्षाची, मग उगाच टेन्शन कशाला, तीन वर्षांवर डिग्री घे, अंबडला नाहीतर सिन्नरला एखाद्या फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायच्या विभागात लाग, एमएस्सीचं नंतर बघू. तिने स्वतः दोन ठिकाणी बायोडेटा दिलापण. आणि क्यूसीच्या इंटरव्ह्यूत ऑनर्स का नाही केलं असं कुणी विचारत नाही, एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र, चालवता येतं का ते विचारतात, हे तिच्या ताईने सांगितलंय आणि ताई तिथे चार वर्षं आहे. ऑफिसमध्ये मी विचारायला गेले की एक वर्षाचं एमएस्सी आपल्याच कॉलेजात २०२७ ला सुरू होणार का, तर म्हणाले वरून पत्र आलं की नोटीस लावू. एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढंच उत्तर. खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या बाजूला कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलेलं पण खरं आहे. चार वर्षांची डिग्री आणि ७५ टक्के असतील तर एमएस्सी न करता नेटची पात्रता परीक्षा देता येते, पीएचडीला थेट अर्ज करता येतो, आणि त्यातून जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची संशोधनवृत्ती, निघाली तर महिन्याला ३७,००० फेलोशिप. हे ऐकून आईचा चेहरा जरा बदलला होता. पण मला माहितीये की जेआरएफ निघणं म्हणजे काय असतं ते, त्या भरवशावर घरच्यांना वर्षभर थांबवणं मला बरोबर वाटत नाही. आणि नुसतं डिग्रीपुढे 'ऑनर्स' लागावं म्हणून तर नकोच नको. तेवढ्यासाठी आईला अजून वर्षभर रात्री जागून ब्लाऊज शिवायला लावायचे का मी?

मग का करायचंय. तिथेच सगळं अडतं आणि तिथेच सुटतंपण.

एसवायला पाण्याचं एमपीएन केलं होतं आम्ही, म्हणजे पाण्यात कॉलिफॉर्म जंतू साधारण किती आहेत ते काढायची चाचणी. लॅक्टोजच्या ब्रॉथच्या नळ्या, प्रत्येकीत उलटी ठेवलेली ती इवलीशी डरहॅम ट्यूब, पाणी टाकायचं, ३७ डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं कोणत्या नळ्यांत रंग बदलला आणि गॅस धरला, मग तक्त्यावरून आकडा काढायचा. बाकीच्यांनी नळाचं पाणी आणलं, मी नदीवरच्या रामकुंडाचं. सगळ्या नळ्या पिवळ्या आणि प्रत्येकीत गॅसचा बुडबुडा, म्हणजे पाण्यात जंतू असल्याची खूण. जर्नलमध्ये रीडिंग लिहिलं, सही झाली, नळ्या ऑटोक्लेव्हला गेल्या, प्रॅक्टिकल संपलं. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलंच नाही.

कारण आमची आजी. ती आजही सोमवारी गंगेवर जाते, आम्ही कोणी गोदावरी म्हणत नाही घरात, गंगाच. तांब्या भरून आणते, देव्हाऱ्यात ठेवते आणि आम्हाला पळीभर तीर्थ देते. मी पण घेत आलेय लहानपणापासून. २०१५ च्या कुंभात मी दहा वर्षांची होते, गावाकडचे नऊ-दहा पाहुणे आमच्या दोन खोल्यांत, आणि आजीने पहाटे मला धरून तीन बुड्या मारायला लावल्या होत्या, थंडीने दात वाजत होते, पण आजूबाजूला इतकी माणसं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते समाधान, मला अजून आठवतं.

आता परत कुंभ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. आणि माझं चौथं वर्ष जून २०२६ ते मे २०२७, म्हणजे बरोबर त्याच्या आधीचं वर्ष! हे मला परवा बसमध्ये लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. आंघोळीच्या पाण्याचं सीपीसीबीचं, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं माप आहे, फीकल कॉलिफॉर्म म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू १०० मिलीत ५०० च्या आत असावेत, अगदी जास्तीत जास्त २,५००, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन खातात तो, लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याखाली, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला निदान ५ मिलिग्रॅम. सोमेश्वर, होळकर पूल, रामकुंड आणि खाली टाकळीला नासर्डी नदी मिळते त्याच्या पुढे, या चार जागांचं पाणी दर महिन्याला घेतलं तर नदी शहरात शिरताना काय असते आणि बाहेर पडताना काय होते, पावसाळ्यात पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला लागतं तेव्हा काय, मार्चमध्ये धार बारीक होते तेव्हा काय, सगळं एका ओळीत दिसेल. लाखो लोक यायच्या आधीचं रीडिंग हातात असेल. सरकारी खाती मोजतात, मोजणारच. पण मी माझ्या हाताने मोजलेलं मला पाहिजे. हा प्रश्न तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये मावत नाही, त्याला वर्षच लागतं, आणि पुढचा कुंभ येईल तेव्हा मी तिशी ओलांडलेली असेन.

शुक्रवारी मॅडमना हे सांगितलं. त्या आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या चार जागा नको, आधी दोन घे, बर्फाच्या डब्यातून सहा तासांच्या आत लॅबला पोचवायचंय, स्कूटीवर एकटीने कसं करशील, आणि बीओडीला २७ डिग्रीचा इन्क्युबेटर तीन दिवस अडकतो, इतर मुलांचं पण काम असतं. म्हणजे त्यांनी खोटी स्तुती केली नाही, थेट कामाचं बोलायला लागल्या. मला ते फार आवडलं. दोन तर दोन, रामकुंड आणि टाकळी.

आईशी आज संध्याकाळी परत बोलले, या वेळी जेआरएफचं नाव काढलं नाही, आजीच्या तांब्याचं सांगितलं. सकाळी सातवी आणि आठवीच्या मुलांची ट्युशन घेईन, माझा पेट्रोलचा आणि फीचा काही भाग तरी निघेल असंही म्हटलं. ती भाजी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि पाणी खराब निघालं तर आजीला सांगणार का तू?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. वाटतं की सांगेन, पण रागाने नाही, तिच्या शेजारी बसून, नळ्या दाखवून. तिला नळ्या बघायला आवडेल.

त्या चौकोनात शेवटी हेच लिहिलं, आजी, तीर्थ, पिवळ्या नळ्या. शब्द ३४० झालेत, उद्या कमी करते. फॉर्मची शेवटची तारीख गुरुवार.

उद्या सोमवार आहे. आजीला म्हटलंय मी पण येते गंगेवर, साडेपाचला उठव. मॅडमकडून निर्जंतुक केलेली बाटली आणलीय, ती कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलीय. आजीने त्याच पिशवीत तिचा तांब्या ठेवलाय.